नववीच्या अल्जिब्राचा चार पानी सिलॅबस : सही करण्याआधी

प्रश्न वाचला. ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात, लेक स्टेट बोर्डाची आठवी करून इथे नववीत बसली, आणि पहिल्याच आठवड्यात अल्जिब्रा १ च्या, म्हणजे बीजगणिताच्या, बाईंनी चार पानी सिलॅबस (वर्षभराचे नियम आणि गुणांची वाटणी सांगणारा कागद) पाठवून खाली पालकांची सही मागितली. तुमचं म्हणणं असं की एवढे नियम कशाला. टेस्ट ५०, क्विझ ३०, होमवर्क १० आणि वर्गातलं काम १० टक्के ही वाटणी तिच्या फायद्याची आहे का. आणि विस्तारसूत्रं, अवयव सगळं झालेलं असताना तिला खालच्या वर्गात टाकलंय का. शिवाय क्लास लावू का, हेही विचारलंय.

मी सांगलीत सहा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं, आणि इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये अल्जिब्रा १ शिकवतेय त्याला सतरावं वर्ष लागलं. म्हणजे तुमच्या हातात जो कागद आहे तसले कागद लिहिणाऱ्यांपैकी मी एक. पहिल्या वर्षी मी सांगलीच्या सवयीने तेवीस नियम लिहिले होते. हे करू नये, ते चालणार नाही, वही तपासून घ्यावी. विभागप्रमुखांनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, ‘यातला नियम मोडला तर तुम्ही नक्की काय करणार, ते कुठे लिहिलंय?’ ते लिहायला बसले तेव्हा तेविसातले सतरा गळाले. इथला सिलॅबस म्हणजे शाळेच्या डायरीतल्या सूचना नव्हेत, तो तह आहे. मुलीने काय केलं की काय होईल हे आधी सांगितलेलं असतं, आणि उद्या गुणांवरून वाद झाला तर बाई, पालक आणि मुख्याध्यापक तिघंही तोच कागद पुढे घेऊन बसतात. म्हणून एवढा लांब.

आता टक्क्यांचं. आपल्याकडे दहावीला ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत. वर्षभर कसंही गेलं तरी मार्चमध्ये उचलून नेता येतं. नववीचे गुण तर कुणी विचारतही नाही. इथे नववीपासून चारही वर्षांचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे एकत्रित गुणपत्रकावर, बसतात आणि कॉलेजला तोच कागद जातो. शेवटी येऊन तारून नेणारी एकच मोठी परीक्षा इथे नाही.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून बघा. समजा लेकीला टेस्टमध्ये सरासरी ९५, क्विझमध्ये ९०, वर्गातल्या कामात १००. होमवर्क मात्र ‘येतंय मला, कशाला लिहू’ म्हणून एकदाही दिला नाही. ४७.५ अधिक २७ अधिक १० अधिक शून्य, झाले ८४.५. होमवर्क दिला असता तर ९४.५. साधारण ९० च्या पुढे ए आणि ८० च्या पुढे बी धरलं जातं, म्हणजे गणित उत्तम येणारी मुलगी बी घेऊन घरी येते. दर वर्षी माझ्या वर्गात अशी दोन-तीन तरी मुलं असतात, आणि सांगायला वाईट वाटतं, त्यातली निम्मी आपल्यातली असतात. बऱ्याच वर्गांत होमवर्क बरोबर आला की नाही यापेक्षा प्रयत्न केलाय की नाही, यावर गुण असतात. तुमच्या सिलॅबसमध्ये तसं आहे का ते बघा. असेल तर ते दहा टक्के दारात ठेवलेले आहेत, फक्त उचलायचे.

शून्याचा फटकाही एकदा मांडून दाखवा तिला. पाच क्विझमध्ये नव्वद नव्वद आणि सहावी बुडवली, की सरासरी थेट ७५. काही शाळांत यासाठी पन्नासच्या खाली गुण नोंदवायचेच नाहीत असा नियम आहे. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून कडाक्याची भांडणं होतात. मी त्या नियमाच्या विरुद्ध होते, आता तेवढी नाही.

सगळ्यांत नीट वाचायचा भाग म्हणजे दुसऱ्या संधीचा. उशिरा दिलेल्या कामाचे रोज किती गुण कापतात, किती दिवसांनी घेतच नाहीत, टेस्ट पुन्हा देता येते का, दिली तर जास्तीत जास्त किती गुण धरतात, आणि त्याआधी चुका दुरुस्त करून दाखवाव्या लागतात का. माझ्या वर्गात रीटेक मिळते, पण आधी प्रत्येक चुकलेल्या गणिताखाली ‘मी इथे काय समजले आणि खरं काय होतं’ हे दोन ओळींत लिहून आणावं लागतं. आपली मुलं रीटेक मागतच नाहीत. त्यांना ती एटीकेटीसारखी वाटते, नापासांची. तिला आजच सांगा की ८८ मिळालेली मुलंसुद्धा रीटेकला बसतात.

‘शो युवर वर्क’ हे तीन शब्द तुमच्या कागदावर दोनदा तरी असतील. एक कोल्हापूरचा मुलगा होता माझ्याकडे. सगळं तोंडी. उत्तरं शंभर टक्के बरोबर, आणि पहिल्या टेस्टला त्याला पन्नासच्या आत गुण, कारण पायऱ्याच नाहीत. त्याची आई माझ्यावर चिडली आणि तिचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. पण समीकरण मांडणं, चल म्हणजे काय धरलं ते लिहिणं, दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली हे दाखवणं, यालाच इथे अल्जिब्रा म्हणतात. उत्तर शेवटी येतं.

आणि मांडणी थोडी वेगळी आहे, त्याने पहिले दोन महिने मुलं गडबडतात. आपण रेषेचं समीकरण वाय = एमएक्स + सी लिहितो, इथे सीच्या जागी बी. चढाला इथे ‘राइज ओव्हर रन’. आपलं ‘कंचेभागुबेव’ इथे ‘पेमडास’ होतं आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी बोलला जातो, म्हणून मुलं घाबरतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे नियम एकच, गुणाकार-भागाकार डावीकडून उजवीकडे. लाखाचा स्वल्पविराम दोन आकड्यांनंतर टाकू नकोस, हेही सांगून ठेवा. हसू नका, माझ्याकडे उदाहरणं आहेत.

प्रामाणिकपणाच्या परिच्छेदावर मात्र तिच्याशी अर्धा तास बसा. नाशिकमध्ये मैत्रिणीला वही देणं हा चांगुलपणा. इथे उत्तरं उतरवून घेणारी आणि उतरवू देणारी, दोघींना शून्य, आणि ते वर कळवलं जातं. फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप्स आणि चॅटजीपीटी यांच्याबद्दल प्रत्येक शिक्षकाचं धोरण वेगळं. मी घरी तपासून बघायला परवानगी देते, उतरवून द्यायला नाही. सिलॅबसमध्ये स्पष्ट नसेल तर लेकीने विचारावं.

फोन भिंतीवरच्या कप्प्यात, बाथरूमला जायला पास, बेल व्हायच्या आत जागेवर. याची काळजी करू नका, मुलं दोन दिवसांत शिकतात. कॅल्क्युलेटरला विरोध करू नका. मीही सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण २०२४ पासून इथली एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी दिली जाणारी परीक्षा, संगणकावर झाली, त्यात डेसमॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो आणि गणिताच्या सगळ्या भागाला चालतो. आलेखावरून उत्तर ताडून बघणं हे आता कौशल्यच धरलं जातं. चौथ्या पानावर ‘५०४’ असा उल्लेख असेल, तो १९७३ च्या कायद्यातल्या कलमाचा. मुलाला वाचनाची, एकाग्रतेची किंवा तब्येतीची अडचण असेल तर जास्त वेळ वगैरे सोय त्याखाली मिळते. तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या. लागू असेल तर लपवू नका, इथे त्यात लाज नाही.

आता ‘खालचा वर्ग’. आपल्याकडे गणिताचा भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) एकाच वर्षी चालतात. इथे एक वर्ष अल्जिब्रा १, मग जिऑमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस. नववीत अल्जिब्रा १ हा नेहमीचा मार्ग, पण तुमच्या भागात बरीच मुलं तो आठवीतच करतात हेही खरं. या मार्गाने गेली तर बारावीत कॅल्क्युलस येत नाही. तरीही आत्ता उडी मारायला लावू नका. अवयव तिला येत असतील, पण अल्जिब्रा १ चा गाभा फंक्शन (आपलं ‘फल’) हा आहे आणि तो आपल्याकडे अकरावीत भेटतो. दोन चलांतली समीकरणंही आपल्याकडे नववीतली, म्हणजे तिची झालेलीच नाहीत. वर्ष नीट जाऊ द्या, आणि विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला आताच विचारून ठेवा की दहावीत जिऑमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेता येतील का. तसं झालं तर बारावीत कॅल्क्युलस गाठता येतो. तरीही वर्ग बदलायचाच असेल तर त्याची मुदत सुरुवातीचे थोडेच आठवडे असते, ती तारीख काउन्सेलरकडून घ्या.

शिक्षिकेला मेल लेकीला लिहू द्या, तुम्ही नको. ‘मी भारतातून आलेय, आमच्याकडे मांडणी अशी होती, दोन गणितं दाखवू का’ एवढं पुरे. असं मेल आलं की मी स्वतः वेळ काढते. सप्टेंबरात बॅक टू स्कूल नाइट, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायची संध्याकाळ, असेल. तिथे प्रत्येक शिक्षकाला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि समोर वीस-पंचवीस पालक असतात. आपल्या मुलीचं काढायची ती जागा नाही. ऐका, नाव सांगा, वेगळी वेळ मागा.

अवांतर : गुणांचं पोर्टल रोज उघडू नका. एखादी क्विझ भरायची राहिली तरी तिथे लाल रंग दिसतो आणि रात्री अकराला पालकांची मेल सुरू होतात.

क्लास नोव्हेंबरच्या आधी लावू नका. सिलॅबसमध्ये ‘एक्स्ट्रा हेल्प’चे दिवस आणि खोली लिहिलेली असेल. ते फुकट असतं, शिकवणारी बाई तीच असते आणि पुढची टेस्ट तीच काढणार असते. आठवड्यातून एकदा पाठवा. पहिल्या सत्राचे ग्रेड आले की ते, आणि चुकलेली गणितं कुठली, हे इथे टाका. मग क्लासचं बोलू.