जर्मनीत नोकरी लागली आहे. तिथे १९८० च्या आसपासची जुनी मर्सिडीज घेऊन रोज ऑफिसला वापरता येईल का? पुढे ती भारतात आणता येईल का?

घेता येईल, रोज वापरताही येईल. भारतात आणायचं विसरा. खरं तर उत्तर इथंच संपतं, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरचे ‘डबा कशाला घेतोस’ म्हणतात, आणि त्या डबा शब्दाशी माझं जुनं वैर आहे.

आम्ही पांढरकवड्याकडचे, यवतमाळ जिल्हा. घरी कापूस, तूर आणि बाबांची ७४ ची पद्मिनी. पद्मिनी फक्त कागदावर, बोलताना फियाटच. बाबांनी ती ८८ साली जुनीच घेतली होती, पुढं माझ्या हातात आली. रोज गाव ते पांढरकवडा, बी-बियाणं, खताची पोती, लग्नाचे पाहुणे, एकदा तर मागच्या सीटवर बोकड. स्टिअरिंगजवळचा गिअर असल्यामुळं पुढच्या सलग सीटवर तिघं ऐसपैस बसायचे. आम्हाला कोणी क्लासिक वगैरे म्हटलं नाही. गाडी होती, वापरत होतो.

मे २००७. धाकट्या भावाला पासपोर्टच्या कामासाठी नागपूरला न्यायचं होतं. पारा पंचेचाळीसच्या वर. वडकी गेलं, हिंगणघाट गेलं आणि जांबच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. ज्यांनी फियाट चालवली त्यांना काय झालं हे सांगायला नको. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला, तापानं पेट्रोलची आतल्या आत वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं गप बसायचं. बाबा त्यासाठी उन्हाळाभर डिक्कीत पाण्याची कॅन आणि जुन्या धोतराचा तुकडा ठेवायचे.

धाकट्याला गप बसणं जमत नाही. “भाऊ, मले या डब्यात यायचंच नाही,” म्हणाला, फाईल काखेत मारली, हात दाखवून एस.टी. थांबवली आणि गेला. मी फडकं तीनदा भिजवलं, तंबाखू मळला, चावी मारली. बुटीबोरीच्या अलीकडं मी त्या एस.टी.ला मागं टाकलं. तो खिडकीतच होता. मी हॉर्न दिला तर त्यानं तोंड फिरवलं. ऑफिसच्या दाराशी तो घामाघूम होऊन आला तेव्हा मी समोरच्या रसवंतीवर दुसरा ग्लास घेत होतो. आज सतरा-अठरा वर्षं झाली, घरात गोष्ट निघाली की गाडी बंद पडली एवढंच सांगतात. आधी कोण पोचलं ते कोणी विचारत नाही.

२०११ मध्ये बाबा गेले आणि वाटणी झाली. वावर दोघांत, घर माझ्याकडं, फियाटचं काय? धाकटा म्हणे, अंगण अडवते, विकून टाक. भंगारवाला आला, काट्यावर आठशे किलोच्या वर भरली, अठरा हजार आले, नऊ-नऊ वाटून घेतले. नंबर प्लेट मी काढून ठेवली, ती गोठ्यात खिळ्याला आहे.

आता ऐका. हाच धाकटा २०१९ मध्ये जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये ८१ ची मर्सिडीज घेतो, २४० डी. आणि मला फोटो पाठवतो, “भाऊ, क्लासिक घेतली.” म्हणजे बाबांची ती डबा आणि तुझी ती क्लासिक!

गाडी मात्र वाईट नाही, हे कबूल करतो. डब्ल्यू १२३ म्हणतात ती ही मालिका, १९७६ ते ८६ पर्यंत सत्तावीस लाखांच्या आसपास निघाली, त्यामुळं सुटे भाग आजही मिळतात, कंपनी स्वतः देते. हिच्या आधीच्या मॉडेलची २४० डी एका ग्रीक टॅक्सीवाल्यानं ४६ लाख किलोमीटर चालवली, ती कंपनीच्या संग्रहालयात आहे. इंजिनाची काळजी करू नका. पत्र्याची करा. तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडं उन्हानं रंग उडतो पण पत्रा टिकतो, तिकडं रंग चकचकीत आणि खालून चाळण. मी फोनवर त्याला सांगितलं होतं, “घेण्याआधी खिशात चुंबक घेऊन जाय. गंजलेल्या भोकात लांबी, म्हंजे पुट्टी, भरली असंल तिथं चिकटत नाही. आन् जॅक लावतात तिथं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाय.” तो हसला. म्हणे जर्मन माणूस फसवत नाही. पुढं दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीत गाडी वर उचलली, त्या साहेबानं टोचलं ते आरपार गेलं. किमतीच्या निम्मे पैसे वेल्डिंगमध्ये गेले. हे तो घरी सांगत नाही, मी सांगतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर तीस वर्षांवरची गाडी मूळ अवस्थेत चांगली राखलेली असेल तर तिथं नंबराच्या शेवटी एच मिळतो. मग वर्षाचा कर सरसकट १९१ युरो आणि काही सेंट. एच नसला तर २४०० सीसीच्या जुन्या डिझेलला हाच कर नऊशेच्या घरात जातो. शहरांतल्या प्रदूषणबंदीच्या भागातही एचवाली गाडी चालते. कायदा रोज वापरायला अडवत नाही, विमेवाले अडवतात. जुन्या गाडीचा स्वस्त विमा हवा तर रोजची दुसरी गाडी दाखवा आणि वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालवा, अशी अट बहुतेक जण घालतात. म्हणून आधी विमेवाल्याशी बोला आणि चालत जाता येईल इतक्या जवळ एक म्हातारा मिस्त्री शोधा. गाडी त्यानंतर. आमचे पांढरकवड्याचे मिस्त्री चाचा दहा रुपयांच्या काचकागदानं ठिणगी देणारे पॉइंट घासून फियाट सुरू करून द्यायचे. तिकडं तासाला मजुरी किती लावतात ते विचारून घ्या, मग डबा म्हणायचं की क्लासिक ते ठरवा.

भारतात का नाही, तर वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते. नाहीतर पन्नास वर्षांवरची, विंटेज म्हणून. तुमची ८० ची दोन्हीकडून हुकते. आणि विंटेज म्हणून नोंदवली तरी २०२१ च्या नियमांप्रमाणं ती रोज चालवायची नाहीच. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. वीस हजार फी भरून गाडी झाकून ठेवायची! हा नियम करणाऱ्याच्या घरी फियाट नसणार.

कारण फियाट काय, मर्सिडीज काय, उभी राहिली की मरते. हे मला चाचांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. वर भावाला एवढं बोललो, तर हेही लिहितो: २०१० मध्ये मी बोलेरो घेतली आणि फियाट वर्षभर अंगणात तशीच उभी केली. उंदरांनी वायरी खाल्ल्या, टाकीत गंज उतरला, ब्रेक जाम झाले. भंगारवाल्यानं ती ढकलत नेली. धाकटा विकून टाक म्हणाला तेव्हा चावी मारून त्याला गप करता आलं असतं, तर मी केलं नसतं का?

त्याची मर्सिडीज मात्र रोज निघते, बर्फातसुद्धा. परवा फोनवर म्हणाला, थंडीत डिझेल इंजिनातला हीटर तापून समोरचा दिवा विझेपर्यंत चावी पुढं फिरवायची नसते, थांबावं लागतं. मी विचारलं, “मंग थांबतं का?”

“थांबतो ना भाऊ. काय करतं.”