मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांमध्ये आदिमानव खरंच राहत होता की फक्त चित्रं काढायला यायचा?

राहत होता, पण 'गुहा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं खोल अंधारं भुयार तिथे फारसं नाही. बहुतेक जागा म्हणजे वाळूच्या खडकाची पुढे आलेली छतं, समोरून उघडी. ऊन-पाऊस अडायचा, उजेड आत यायचा आणि खालच्या जंगलातल्या जनावरांवर नजर ठेवता यायची. वास्तव्याचा पुरावा चित्रांपेक्षा जमिनीत जास्त आहे. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ही जागा उजेडात आणली. पुढे १९७०च्या दशकात त्यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथे उत्खनन केलं. त्यात मिळालेल्या गोष्टींपैकी या ठळक:

- अगदी खालच्या थरांत क्वार्टझाइटच्या (एक कठीण दगड) हातकुऱ्हाडी, तासण्या आणि सपाट दगड पसरून केलेली जमीन (नुसतं चित्र काढायला आलेला माणूस फरसबंदी कशाला करील?)
- वरच्या, मध्याश्मयुगीन (दगडी हत्यारांच्या काळाच्या मधल्या टप्प्यातल्या) थरांत चाल्सेडनी या गुळगुळीत, गारेसारख्या दगडाची बारीक पाती. हा दगड जवळपास मिळत नाही, म्हणजे बाहेरून आणलेला. ही पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात बसवून बाण, सुऱ्या करत
- राहत्या जागेतच पुरलेली माणसं, आणि रंगासाठी घासलेले गेरूचे खडे

मात्र सगळी चित्रं या रहिवाशांची समजू नका. घोड्यांवर-हत्तींवर बसलेले, तलवारी घेतलेले योद्धे ऐतिहासिक काळातले, म्हणजे बरेच नंतरचे आहेत. एकाच भिंतीवर जुन्या चित्रांवर नवी काढलेली असल्यामुळे गाइडने सरसकट सांगितलेला 'तीस हजार वर्षं' हा आकडा प्रत्येक चित्राला लावता येत नाही.