आठ मतं

"मॅडम, मुलगी हेड गर्ल झाली नाही म्हणून कोणी समुपदेशकाकडे येतं का हो?" खुर्चीवर बसता बसताच सईच्या आईने विचारलं. त्यांना संकोच वाटत होता.

येतात. दरवर्षी जुलैत येतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, महिनाभरात हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन ठरतात आणि ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही त्यांच्यातल्या काहींचं पोट सकाळी साडेसहाला दुखायला लागतं. काही शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, तिथे पंतप्रधानपद हुकतं. पोटदुखी तीच.

सई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला तिची आणि आईची परवानगी आहे) नववीत. दहावीला बोर्डाची परीक्षा, म्हणून तिच्या शाळेत हे पद नववीला देतात. पाचवीपासून ती परिपाठात बातम्या वाचायची, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करायची. यंदा हेड गर्ल तीच, हे घरीदारी सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आठ मतांनी गेलं. निकाल प्रार्थनेनंतर मैदानात, माइकवरून जाहीर झाला. सगळे उमेदवार समोर रांगेत उभे. सईने टाळ्या वाजवल्या, जिंकलेल्या मुलीला मिठी मारली, दिवसभर वर्गात बसली. दुसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. चार दिवस शाळा बुडाली.

माझी शाळांना कळकळीची विनंती आहे, निकाल जाहीर करण्याआधी दहा मिनिटं उमेदवारांना आत बोलावून सांगा. हजार जणांसमोर हसरा चेहरा ठेवायची वेळ चौदा वर्षांच्या मुलांवर आणू नका.

पहिल्या भेटीत सई बराच वेळ गप्प होती. मग दप्तरातून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला. वर्गातल्या 46 मुलामुलींची नावं होती त्यावर. कोणापुढे बरोबरची खूण, कोणापुढे फुली, कोणापुढे प्रश्नचिन्ह. कोणी मत दिलं, कोणी नाही, याचा हिशोब. पेन्सिलीने लिहून, खोडून, परत लिहून कागद भुरभुरीत झाला होता. जिवलग मैत्रिणीच्या नावापुढे तर खोडून खोडून भोकच पडलं होतं.

घरच्यांनी समजूत काढायची बाकी ठेवली नव्हती. बाबा म्हणाले, पुढे आयुष्यात याला कोण विचारतंय! आजोबांनी पी. टी. उषाची गोष्ट सांगितली: 1984 चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक, 400 मीटर अडथळ्यांची शर्यत, सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेलं कांस्यपदक. "तरी ती रडत बसली का?" सई मला म्हणाली, "आजोबांचं बरोबर आहे. पण उषाला दुसऱ्या दिवशी त्याच पोरींबरोबर डबा खायचा नव्हता."

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि मी बोललेही नाही. आपण मोठी माणसं समजूत फार घाईने काढतो. चौदाव्या वर्षी शाळा हेच गाव असतं, तिथली पत हीच पत. त्यात थोडक्यात हुकलेलं जास्त सलतं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अभ्यासून मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं: रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसत होते. रौप्यवाल्याच्या मनात सोन्याचं 'जरासं कमी पडलो' घोळत राहतं. सईच्या डोक्यातही ती आठ माणसं दिवसरात्र फिरत होती.

मी तिला विचारलं, या सगळ्यात सर्वांत वाईट क्षण कुठला? मला वाटलं होतं, माइकवरून दुसरं नाव ऐकलं तो. ती म्हणाली, "आईने मावशीला फोन केला तो."

निवडणुकीच्या आदल्या रात्रीच आईने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमची सई उद्या हेड गर्ल' असं टाकलं होतं. अभिनंदनाचे चाळीसेक मेसेज आले होते. निकालानंतर आई स्वयंपाकघरात फोनवर सगळ्यांना सांगत होती आणि सांगता सांगता रडत होती. सई दाराशी उभी होती. "आईलाच इतकं वाईट वाटलं ना, की मग मला रडताच येईना."

पुढच्या भेटीला मी आईला एकटीला बोलावलं. हे वाक्य सईच्या परवानगीने त्यांना सांगितलं. त्या खूप रडल्या. दोष द्यायचा नव्हता मला, हौस कोणाला नसते? पण मुलीला स्वतःच्या हरण्याबरोबर आईचं दुःखही वाहावं लागत होतं, ते खाली ठेवायला हवं होतं. मी त्यांना सांगितलं, घरी जाऊन तिला एवढंच म्हणा, "मला वाईट वाटलं, ते माझं मी बघते. तू माझी समजूत काढायची नाहीस." बाबांना शाळेत जाऊन संस्थाचालकांकडे फेरमोजणी मागायची होती. सईने तुम्हाला जायला सांगितलंय का, असं मी विचारलं. तिने सांगितलं नव्हतं. खरोखर नियम मोडला असेल तर पालकांनी जरूर विचारावं, तेही मुलाला विचारून. इथे तसं काही नव्हतं. बाबा गेले नाहीत.

मैत्रिणीला 'तू मत कोणाला दिलंस' हे विचारू का, असं सईने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. मतदान गुप्त ठेवतात ते अशाच मैत्रिणींसाठी. तिला ते पटलं नाही, पण तिने विचारलं नाही. कागद फाडून टाक वगैरे मी सुचवलं नाही. तो परत दप्तरात गेला.

खरी अडचण पुढेच होती. जुलैच्या शेवटच्या शनिवारी पदग्रहण समारंभ होता, आणि सूत्रसंचालन सईने करावं असं बाईंनी सुचवलं होतं. म्हणजे विजेतीचं नाव तिनेच पुकारायचं, सॅश घालताना टाळ्या मागायच्या. घरचे म्हणाले, कर, खिलाडूवृत्ती दिसेल. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? "मला नाही करायचं. पण नाही म्हटलं तर सगळे म्हणतील जळते."

माझं मत स्पष्ट आहे. खिलाडूवृत्ती आतून यायला वेळ लागतो, ती हुकमावर आणली तर मूल पुढच्या वेळी उभंच राहत नाही. टाळ्या वाजवणं, मिठी मारणं, हे सईने पहिल्याच दिवशी केलं होतं. आणखी किती? आम्ही दोघींनी वाक्य तयार केलं: "बाई, या वेळी मला जमणार नाही. पंधरा ऑगस्टचं मी करेन." माझ्यासमोर तिने ते तीनदा म्हटलं. पहिल्यांदा 'जमणार नाही'पाशी आवाज अडकला. सोमवारी तिने शिक्षकखोलीत जाऊन ते बाईंना सांगितलं. बाई बऱ्या होत्या, "बरं" म्हणाल्या. हे सांगायच्या निमित्ताने का होईना, ती शाळेत गेली. नंतर पोट दोनदा दुखलं, पण शाळा बुडाली नाही.

सगळ्यांचं इतक्यात निभावत नाही. दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, मित्रमैत्रिणी जागेवर येत नसतील तर थांबू नका. आणि 'मी नसलेलीच बरी' असलं काही मूल बोललं तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

ऑगस्टच्या अखेरीस सई शेवटची आली. पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन तिने केलं होतं. संचलनात नवी हेड गर्ल 'दाहिने मुड'च्या जागी 'बाएँ मुड' म्हणून गेली आणि सातवीच्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मला बरं वाटलं, मॅडम. खूपच बरं वाटलं. मग तिचा चेहरा बघितला, तर रडायलाच आली होती. मग मी लगेच माइकवर पुढची घोषणा सुरू केली."

ती थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली.

"पण आधी बरं वाटलं, ते वाईट आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

मग तिने घटक चाचणीत बीजगणिताला किती मार्क पडले ते सांगितलं.