चौदा विद्यापीठं आणि पडद्यावरची रेघ

मी परदेशी शिक्षणाबद्दल सल्ला देते. दिवाळीचा फराळ संपला की माझ्याकडे एकच प्रश्न रांगेनं यायला लागतो. "मॅडम, कुठल्या कुठल्या युनिव्हर्सिटीला अप्लाय करू?" विचारणाऱ्याकडे एक्सेलची यादी तयार असते. ती त्याला दाखवायची असते, बदलायची नसते.

इचलकरंजीहून आलेल्या एका मुलीचीही अशीच यादी होती. (तिच्या परवानगीनं लिहितेय, काही तपशील बदलून.) टेक्स्टाईलची बी.टेक., सीजीपीए ७.६, वडिलांचे स्वतःचे बारा माग. जर्मनीत मास्टर्स करायचं ठरलेलं. यादीत १४ नावं, सगळी रँकिंगच्या तक्त्यातून उतरवलेली. सगळ्यात वर टीयू म्युनिक. चुलतभाऊ त्याच गावात नोकरीला.

"म्युनिकच मिळायला हवं," ती म्हणाली.

मी या 'च'पाशी नेहमी थांबते. 'मिळालं तर बरं' म्हणणारा माणूस रात्री झोपतो, 'मिळालंच पाहिजे' म्हणणारा पंख्याकडे बघत राहतो. मी विचारलं, "हा 'च' कोणाचा गं?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. "पप्पांचा. म्हणजे, पप्पांना गावात जे विचारतात ना, त्यांचा."

इतकं कळूनही पहिल्या दोन भेटींत मी चूक केली, ते कबूल करायला हवं. सगळे करतात तसे आम्ही यादीचे तीन वाटे केले: अवघड, बेताची, हमखास. हमखास कमी दिसली म्हणून आणखी पाच जोडली. १४ ची १९ झाली आणि तिची झोप आणखी गेली. यादी लांबवली की नकाराची भीती कमी होईल असं वाटतं, पण प्रत्येक नावाबरोबर एक नवा नकार मनात येऊन बसतो. शिवाय खर्च. बऱ्याच जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या युनी-असिस्ट संस्थेमार्फत अर्ज केला तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पदवीची कागदपत्रं खरी असल्याच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये वेगळेच.

तिसऱ्या भेटीत मी यादी मागितलीच नाही. बाहेर पाऊस होता, ती खिडकीजवळ उभी राहून पडदा चाचपत होती. एकदम म्हणाली, "मॅडम, यात स्टार्टिंग मार्क आहे."

मला काही दिसेना. तिनं पडदा उजेडात ताणून धरला. आडवी, केसाएवढी रेघ. सहा वर्षं हा पडदा माझ्यासमोर लटकतोय, आणि चांगला महागातला घेतलाय!

"माग थांबला की उभ्या धाग्यांचा ताण बदलतो," ती सांगू लागली. "परत चालू केला की पहिल्या दोन-चार आडव्या धाग्यांत फट तरी पडते, नाहीतर गर्दी तरी होते. पप्पा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, अंदाजानं थोडं मागं घेतात. कधी जमतं, कधी नाही. अंदाज का लागतो, ते कुणी मोजून सांगत नाही."

"तुला मोजायचंय?"

ती वळली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती नव्हती. "हो. मला तेच करायचंय."

मी एवढंच म्हटलं, "मग हे जिथं मोजतात, ती गावं शोधून आण."

मी उत्तरं देत नाही. उत्तर समोरच्याच्या हातात असतं, फक्त ते 'च'खाली दबलेलं असतं, असं मी मानते. वीस वर्षांत हा विश्वास क्वचितच खोटा ठरलाय.

पुढच्या भेटीत सहा नावं आली. म्युनिक गेलं. (युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तिथं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो फी लागते, हे तिला तेव्हाच कळलं. 'जर्मनीत फुकट' हे सरसकट खरं नाही.) आखेन राहिलं, पण रँकिंगमुळे नव्हे, तिथं टेक्स्टाईलची मोठी संस्था आहे म्हणून. ड्रेस्डेन आलं, तिथं वस्त्रयंत्रांवरच काम चालतं. आणि म्योन्शेनग्लाडबाख आलं, तिथं नीडरराईन हॉखशूल या उपयोजित शिक्षणाच्या विद्यापीठाचा टेक्स्टाईल विभाग आहे. रँकिंगच्या तक्त्यात हे शेवटचं नाव शोधायला गेलात तर बोट दुखेल.

तेव्हा यादी करणाऱ्यांनो, आधी स्वतःच्या कामातली अडलेली एक गोष्ट शोधा. मग अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, उघडा, दुसऱ्या सत्राचे विषय मोठ्यानं वाचा. वाचताना जांभई आली तर नाव खोडा, विद्यापीठ कितीही मोठं असो. त्यानंतर गुणांचं गणित. आपला सीजीपीए जर्मन पद्धतीत उलटा होतो. १० पैकी ७.६ आणि उत्तीर्णतेची सीमा ४ धरली तर उत्तर येतं २.२; तिथं १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. तिच्या वडिलांनी २.२ ऐकून कपाळाला हात लावला होता! पदवीत कुठल्या विषयाचे किती क्रेडिट झालेत तेही बरीच विद्यापीठं तपासतात, आणि नकार पुष्कळदा तिथंच येतो. आणि ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे म्हणून आधीच खात्यात भरून ठेवायचे, वर्षाचे ११,९०४ युरो घरात बसून, कागदावर मांडून बघा. एवढ्यातून तावूनसुलाखून पाच-सात नावं उरली तर पुरे.

शेवटच्या भेटीला वडील आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "म्युनिक म्हटलं की चार लोकांस्नी कळतंय ओ मॅडम. ह्या दुसऱ्या गावाचं नाव घ्यायला जीभ वळंना."

मुलगीच बोलली. "पप्पा, म्योन्शेनग्लाडबाखला ऱ्हाईन प्रांताचं मँचेस्टर म्हणायचे."

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. ती रेघ त्यांना लगेच दिसली असणार.

"मग तिथलंबी माग बंद पडलं असतील."

"पडले पप्पा. बरेच."

त्यांनी मान हलवली. "मग त्यांनी फुडं काय केलं, तेवढं बघून ये."