आखाजीला घर बंद होते, हे कोणाकोणाला कळावे?

प्रश्न : आमच्याकडे नुकतेच स्मार्ट मीटर बसले. त्यानंतर छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या एका व्यावसायिकाने, ‘तुमचा तासातासाचा वापर पाहून किती किलोवॉट लागतील ते सांगतो’, असे म्हणून ग्राहक क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. द्यावा का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ओटीपी देऊ नये. तो दिल्यावर समोरच्याने खात्यातले काय पाहिले आणि काय उतरवून घेतले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. शिवाय पॅनेलची क्षमता ठरवण्यासाठी मागील बारा महिन्यांची बिले पुरतात. एप्रिल-मे महिन्यांत कूलरमुळे वाढणारी आणि हिवाळ्यात उतरणारी युनिटे त्यांत दिसतातच.

जुन्या मीटरचे रीडिंग महिन्यातून एकदा होई. स्मार्ट मीटर मात्र दर १५ किंवा ३० मिनिटांच्या वापराची नोंद ठेवू शकते. अशा नोंदींवरून पाण्याची मोटर पहाटे किती वाजता लागते, दुपारी घरात कोणी असते की नाही आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे गावी गेल्यामुळे घर किती दिवस बंद होते, याचा अंदाज परक्या माणसालाही बांधता येतो. बिलापुरती माहिती वीज कंपनीकडे जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो ती तिसऱ्याच्या हाती जाण्याचा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती ही मुक्त, विशिष्ट कारणापुरती आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असावी, तसेच ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी संमतीविषयक मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर सावधगिरी आपल्यालाच बाळगावी लागेल. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ‘आमच्या सर्व भागीदारांना माहिती देण्यास मान्यता’ अशा ओळीपुढे खूण करून घेणे, याला आम्ही तरी संमती मानत नाही.

अमेरिकेत २०१२ पासून ‘ग्रीन बटन’ नावाची सोय आहे. तिच्यात ग्राहक आपल्या वापराची नोंद स्वतः उतरवून घेतो आणि हवी त्यालाच देतो. आपणही तसेच करावे : बिलांच्या प्रती स्वतः काढून द्याव्यात आणि त्या कशासाठी व किती काळ ठेवणार, हे लेखी घ्यावे. ओटीपी आधीच दिला असल्यास खात्याचा पासवर्ड आजच बदलावा आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे तपासावे.