भाड्याची गाडी आणि विम्याचं कवच

प्रश्न : भावाचं कुटुंब मुंबईहून येतंय. गोव्यात मोपा विमानतळावर उतरून स्वतः चालवायची गाडी घेणार आहेत. गाडीवाला म्हणतो, ‘फुल इन्शुरन्स आहे.’ तेवढं पुरेसं आहे का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने देण्यासाठी नोंदलेली आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण तिची पॉलिसी खासगी वापरापुरतीच असते. ती भाड्याने दिलेली उघड झालं की कंपनी दावा नाकारू शकते.

‘फुल’ या शब्दावर विसंबू नका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यातून समोरच्याचं नुकसान भरून निघतं, तुमच्या हातातल्या गाडीचं नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हवं. त्यातही झीरो डेप्रिसिएशन (भागांच्या किमतीत घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांच्या किमतीतले ५० टक्के कापले जातात. बंपर प्लास्टिकचाच! हा फरक बहुधा तुमच्या डिपॉझिटमधून जातो. म्हणून करारात ग्राहकाने जास्तीत जास्त किती भरायचं, तो आकडा लिहून घ्या.

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच नसेल तर तो खर्च विम्यात बसत नाही. दारू पिऊन चालवली तर ओन डॅमेज विसराच. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला गोव्यात बंदीच आहे.

ताबा घेताना चारी बाजू, टायर आणि काचांचा व्हिडिओ काढा. पॉलिसीची मुदत एमपरिवहन ॲपवर दिसते.