आधी उलाळ बघा, मग घाट

माझ्याकडे 900 किलोची छोटी हॅचबॅक आहे. 500 किलोची, ब्रेक नसलेली कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर) मिळते आहे. गाडी ओढेल ना? (अमळनेर)

ओढेल हो. थांबवेल का, ते विचारा. ब्रेक नसलेली कॅरॅव्हॅन अडवायचं सगळं काम तुमच्या गाडीचे ब्रेक करतात. ब्रिटनमध्ये अशा ट्रेलरला दोन मर्यादा आहेत : 750 किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या निम्मं वजन, यातलं जे कमी ते. तुमच्या बाबतीत ते 450 किलो होतं, म्हणजे तिथल्या हिशोबानं रिकामी असतानाच तुम्ही नापास. ब्रेकवाली असेल तर तिथे नवख्याला गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंत जा म्हणतात. हे तिकडचं झालं, पण भौतिकशास्त्र खान्देशात वेगळं नसतं.

शिवाय विकणाऱ्यानं सांगितलेले ते 500 किलो रिकाम्या डब्याचे. गाद्या, शेगडी, सिलिंडर, भांडी, 40 लिटर पाणी चढवलं की 600 कधी ओलांडले कळतही नाही. सगळं भरा आणि जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेऊन उभी करा. आणि त्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढूच नका असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला.

साक्रीकडे जाताना 70 च्या पुढे कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागते. टायर बदलले, तरी तेच. (शहादा)

दादा, टायरवर पैसे घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला विचारायचं होतं. बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. फार पुढे आलं तर मानेवर बसतं. कॅरॅव्हॅनचं अगदी हेच आहे. फक्त बैल अडून उभे राहतात, गाडी बिचारी 70 नं पळत राहते.

गाडीच्या मागच्या, कॅरॅव्हॅन जोडायच्या हुकावर किती वजन पडतं ते मोजा. सपाट जागा, चाकांना दगड, कॅरॅव्हॅन सोडवलेली. न्हाणीघरातला वजनकाटा कॅरॅव्हॅनच्या पुढच्या, हुकात बसणाऱ्या दांड्याच्या टोकाखाली ठेवा आणि मध्ये लाकडाचा ठोकळा उभा करा, म्हणजे टोक नेहमीच्या उंचीवर राहील. ब्रिटिश लोक एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के धरतात, अमेरिकेत 10 ते 15. आपल्या छोट्या गाड्यांना मी 7 च्या आसपास ठेवतो. हुकाची स्वतःची मर्यादा असते, तिच्या वर मात्र जाऊ नका.

माझी पहिली कॅरॅव्हॅन भरून 620 किलो होती. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या माळावर वारा आडवा लागला आणि ती अशी डोलली की बायकोनं पुढचे दोन तास माझ्याशी बोलणं टाकलं. घरी येऊन मोजलं तर हुकावर फक्त 14 किलो. पाण्याचे 20 लिटरचे दोन जार मागच्या दाराशी ठेवले होते, हाताशी असावेत म्हणून! तेच जार चाकांच्या आसाच्या थोडे पुढे, खाली जमिनीवर आणले आणि काटा 47 वर गेला. एक रुपया खर्च नाही. जड सामान आसाजवळ आणि खाली, गाद्या-कपडे वरच्या कप्प्यात, एवढं पाळा.

तरी डोललीच तर ॲक्सिलेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि थांबा. उलटसुलट वळवू नका, ब्रेक दाबू नका. ‘जोरात पळवली की सरळ होते’ हा सल्ला ढाब्यावर मिळतो, तो तिथेच ठेवून या. उतारावर आणि मोठा ट्रक बाजूनं गेल्यावर हेलकावा हमखास येतो, म्हणून मी महामार्गावरही 60 च्या वर जात नाही.

वेरूळहून परतताना कन्नड घाट उतरलो. ‘मांगून कोनी ढकली राह्यना अस वाटस.’ ब्रेकचा जळका वासही आला. (चाळीसगाव)

भाऊ, वाटस कसलं, ढकलतच होती ती. घाट सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या, ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. मधूनमधून ठाम दाबा आणि सोडा, म्हणजे त्यांना थंड व्हायला वेळ मिळतो. वास आला म्हणजे ब्रेक तापले, त्यानंतर ते हळूहळू लागेनासे होतात. जागा बघून थांबा, पाणी ओतू नका.

तुमच्या कॅरॅव्हॅनला दाबब्रेक असतील तर गाडी मंदावली की मागचं वजन दांड्यावर रेटतं आणि त्या रेट्यानंच मागचे ब्रेक लागतात. दांड्याच्या त्या सरकत्या भागाला ग्रीस हवं. सुरक्षेच्या साखळ्या हुकाखाली एकमेकींना छेदून लावा. हूक निसटला तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

तोरणमाळला नेऊ का, असंही विचारलंत. कॅरॅव्हॅन खाली ठेवा, गाडीनं वर जा. यशवंत तलाव तसाही पायी फिरण्यासारखा आहे.

मागे घेता येत नाही. दर वेळी नवऱ्याला उतरून ढकलावी लागते. (रावेर)

ताई, रावेरात गुरू शोधायला कशाला जायचं? केळीची ट्रॉली बांधाला लावणारं पोरगं एका दमात दाखवेल. तोवर एवढं करा. हात स्टिअरिंगच्या वर न धरता तळाशी धरा. कॅरॅव्हॅन जिकडे जायला हवी तिकडे हात सरकवा. थोडंच सरकवा, कारण छोटी कॅरॅव्हॅन लांब ट्रॉलीपेक्षा चटकन घडी होते. घडी व्हायला लागली की पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा. दाबब्रेक जुन्या पद्धतीचे असतील तर मागे घेतानाही ते आपोआप लागतात, म्हणून ते लागू न देणारा अडकवा आधी लावा.

नोंदणी लागते का? (नंदुरबार)

लागते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. घरी वेल्डिंग करून बनवलीत तरी आधी आरटीओत जाऊन विचारा, मग लोखंड कापा.

मे महिन्यात जळगावच्या उन्हात उभी आहे. काय बघू? (भुसावळ)

टायरच्या बाजूवर DOT नं सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, ती टायर बनल्याची तारीख. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी उभ्या उभ्या रबर मरतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या की काढाच. हवा पहाटे, टायर थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नका, संध्याकाळी ती कमी पडेल. सिलिंडरची चावी प्रवासात बंद हवी. कॅरॅव्हॅनच्या तळाशी गळलेला गॅस बाहेर जायला भोक ठेवलेलं असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. उंदीर येतात म्हणून ते बुजवलेले महाभाग मी पाहिले आहेत. जाळी लावा, बुजवू नका.